दुकान बदलायचे म्हणजे काय करायचे?

दुकान बदलणे ही वरवर पाहता अगदी सोपी गोष्ट आहे. एका वाण्याचा माल पटला नाही, तर दुसऱ्याकडे जायचे. 'ग्राहक हा राजा' असे जे म्हटले जाते, त्यामागे हीच कल्पना आहे. प्रत्यक्षात मात्र माणसे वर्षानुवर्षे त्याच वाण्याकडे जातात, कुरकुरत का होईना. तिथे उधारीचे खाते असते, दुसरे दुकान लांब असते, किंवा तिथला भाव थोडा जास्त असतो. दुकान सोडणे शक्य असते, पण ते परवडत नाही.

गेल्या तीस वर्षांत असाच एक दुकानदार अनेक देशांचा वाणी होऊन बसला. १९९५ साली केवळ पुस्तके विकण्यासाठी सुरू झालेली ॲमेझॉन ही अमेरिकन कंपनी पुढे जवळजवळ सर्वच वस्तू विकू लागली. कामगारांशी, स्पर्धकांशी आणि ग्राहकांशी वागण्याच्या तिच्या रीतीला हरकत घेऊन 'आम्ही इथून खरेदी करणार नाही' असे म्हणणारे लोक १९९९ पासून आढळतात. त्यांतील काहींनी पर्यायी दुकानेही काढली. यांपैकी कोणते प्रयत्न विरून गेले, कोणते तग धरून राहिले आणि का, हे या लेखात पाहू. त्यासाठी आधी दीडशेहून अधिक वर्षे मागे जाणे सोयीचे आहे, कारण हा प्रश्न इंटरनेटने जन्माला घातलेला नाही.

टोड लेनवरचे दुकान

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. १८४० च्या सुमारास तिथल्या विणकरांपुढे दोन अडचणी होत्या. मजुरी कमी होती, आणि त्या मजुरीतून मिळणारे अन्न भेसळीचे होते. लंडनमध्ये काम करणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक ॲकम याने १८२० सालीच अन्नातील भेसळीवर एक ग्रंथ लिहून ती ओळखायच्या रासायनिक कसोट्या दिल्या होत्या. पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून पिठात तुरटी घालणे ही तेव्हाची सर्रास पद्धत होती. ज्याच्याकडे उधारी असे त्या दुकानदाराने दांडी मारली, तरी मजुराला बोलता येत नसे.

२१ डिसेंबर १८४४ रोजी रॉचडेलच्या टोड लेन या गल्लीत काही विणकरांनी व कारागिरांनी स्वतःचे दुकान उघडले. संस्थापक म्हणून २८ जणांचा उल्लेख केला जातो. सुरुवातीला दुकानात लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल होता. मात्र दुकानाचे नियम विचारपूर्वक केलेले होते. माल शुद्ध आणि वजन पुरे असेल. उधारी मिळणार नाही. प्रत्येक सभासदाला, त्याचे भाग कितीही असोत, एकच मत असेल. आणि नफा उरला तर तो भागांच्या प्रमाणात नव्हे, तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत मिळेल. ब्रिटनमध्ये अन्नभेसळीविरुद्ध पहिला व्यापक कायदा झाला तो १८६० साली, म्हणजे या दुकानानंतर सोळा वर्षांनी.

या विणकरांनी जुन्या वाण्यावर केवळ बहिष्कार टाकला असता, तर काय झाले असते? चार दिवस उपाशी राहून ते परत त्याच्याच दारात गेले असते. त्यांनी बाहेर पडण्यासाठी दुसरे दार बांधले, आणि ते एकाच्या मालकीचे राहणार नाही अशी व्यवस्था केली. पुढची हकीकत वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुस्तकेच का?

जेफ बेझोस यांनी जुलै १९९४ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कंपनीची नोंदणी केली आणि जुलै १९९५ मध्ये इंटरनेटवरचे त्यांचे पुस्तकांचे दुकान सर्वांसाठी खुले झाले. पुस्तके निवडण्यामागे भक्कम हिशेब होता. साबण किंवा तांदूळ यांचे प्रकार मोजके असतात. पण छापून उपलब्ध असलेली पुस्तके लाखोंनी होती. कोणत्याही विटामातीच्या दुकानात ती सगळी मावणे अशक्य. यादीत मात्र मावतात. शिवाय पुस्तक नासत नाही, टपालाने सहज जाते, आणि मुंबईत घेतले काय किंवा सिएटलमध्ये घेतले काय, एका आवृत्तीची प्रत दुसरीसारखीच असते. मोठ्या घाऊक विक्रेत्याचे एक कोठार शेजारच्या ऑरेगन राज्यात होते, हीही सोय होती.

स्वस्ताईमागे आणखी एक कारण होते, ते कायद्याचे. अमेरिकेत विक्रीकर राज्यागणिक असतो. ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान, कोठार वा माणसे नाहीत, त्या राज्यातील ग्राहकाकडून विक्रीकर गोळा करण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिला होता. म्हणजे कोपऱ्यावरच्या पुस्तकविक्रेत्याला कर लावून पुस्तक विकावे लागे आणि दूरच्या विक्रेत्याला नाही. विक्रेता वॉशिंग्टनसारख्या तुलनेने कमी लोकवस्तीच्या राज्यात असला, की कर घ्यावा लागणारे ग्राहक थोडेच. हा निकाल २०१८ साली बदलला. पण तोवर बरीच वर्षे छोट्या दुकानांना हा भार एकट्याने वाहावा लागला होता. एखाद्या दुकानाचा माल स्वस्त असतो तेव्हा ती स्वस्ताई कार्यक्षमतेतून आली, की कुणाच्या तरी खांद्यावर ओझे टाकून आली, हा प्रश्न विचारायला हवा, तो यासाठी.

एका टिचकीचे पेटंट

पहिला बहिष्कार पुकारला गेला तो भावावरून नव्हे, तर एका बटणावरून. नेहमीच्या ग्राहकाला दर वेळी पत्ता व कार्डाचा क्रमांक लिहावा लागू नये म्हणून ॲमेझॉनने 'वन-क्लिक' पद्धत आणली. तिचे तत्त्व साधे आहे. आपण पहिल्यांदा खरेदी करतो तेव्हा विक्रेत्याचा संगणक आपली माहिती साठवतो आणि आपल्या संगणकावर ओळखीची एक छोटी खूण ठेवतो; तिला 'कुकी' म्हणतात. पुढच्या वेळी ती खूण वाचून विक्रेत्याचा संगणक आपल्याला ओळखतो आणि एकदाच बटण दाबले की मागणी नोंदली जाते. वाण्याने चेहरा ओळखून खात्यावर लिहून घ्यावे, तसाच हा प्रकार.

२८ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेने या पद्धतीवर ॲमेझॉनला पेटंट दिले. पुढच्याच महिन्यात कंपनीने 'बार्न्स अँड नोबल' या प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्यावर दावा लावला, आणि डिसेंबरच्या आरंभी, नाताळच्या खरेदीच्या ऐन हंगामात, न्यायालयाने प्रतिस्पर्ध्याला ती पद्धत वापरण्यास तात्पुरती मनाई केली. प्रतिस्पर्ध्याने यातून काढलेली वाट मजेदार होती. त्याने आपल्या ग्राहकांना एकाऐवजी दोनदा बटण दाबायला लावले!

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच डिसेंबरमध्ये ॲमेझॉनवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले. त्यांचा मुद्दा असा, की सर्वांच्या ओळखीची हत्यारे थोड्या वेगळ्या रीतीने वापरणे हा शोध नव्हे. आणि अशा गोष्टींवर मक्तेदारी मिळू लागली, तर नवे काही लिहिणाऱ्या प्रत्येक संगणकतज्ज्ञाच्या डोक्यावर टांगती तलवार राहील. संगणकविषयक पुस्तकांचे प्रकाशक टिम ओ'रायली यांनीही बेझोस यांना जाहीर पत्र लिहिले. मार्च २००० मध्ये बेझोस यांनी उत्तर दिले, की अशा पेटंटांची मुदत तीन ते पाच वर्षे एवढीच असावी; पण स्वतःचे पेटंट त्यांनी सोडले नाही. त्याच वर्षी ॲपल कंपनीने ते रीतसर परवान्याने घेतले.

या बहिष्काराचे फलित काय? वरच्या न्यायालयाने २००१ मध्ये मनाई उठवली, २००२ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली आणि त्याच वर्षी चळवळीने बहिष्कार मागे घेतला. पेटंट मात्र मुदत संपेपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत टिकले. मधल्या काळात न्यूझीलंडच्या पीटर कॅल्व्हली यांनी, मागवलेले पुस्तक फार उशिरा आल्याने चिडून, या पेटंटाच्या फेरतपासणीचा अर्ज २००६ मध्ये केला. त्याची फी लोकांच्या देणग्यांतून भरली गेली. पेटंट कार्यालयाने आधी त्यातील बरेचसे दावे फेटाळले, पण २०१० मध्ये काही मर्यादा घालून पेटंट कायम केले. युरोपच्या पेटंट कार्यालयाने मात्र यात शोधाची पायरीच नाही म्हणून ते नाकारले.

या प्रकरणावरून एवढे दिसते, की बहिष्काराने चर्चा घडली, एका उद्योगपतीला उत्तर द्यावे लागले, कायद्यातील दोष पुढे आला. पण ग्राहकाला जाण्यासाठी वेगळी अशी जागा तयार झाली नाही. 'इथून घेऊ नका' हे सांगितले गेले. 'कुठून घ्या' याचे उत्तर मात्र दुसऱ्या एका बड्या दुकानाकडे बोट दाखवणारे होते.

कपाटातून गेलेले पुस्तक

नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने 'किंडल' हे वाचनयंत्र बाजारात आणले. कागदाऐवजी पडद्यावर वाचायचे पुस्तक आता बिनतारी जोडणीतून मिनिटभरात घरी येऊ लागले. मात्र ज्या वाटेने पुस्तक येते, त्याच वाटेने ते परतही जाऊ शकते. हे लोकांना कळले जुलै २००९ मध्ये. अमेरिकेतील हक्क नसलेल्या एका विक्रेत्याने जॉर्ज ऑरवेल यांच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या कादंबऱ्यांच्या प्रती ॲमेझॉनमार्फत विकल्या होत्या. चूक कळताच कंपनीने पैसे परत केले आणि ग्राहकांच्या यंत्रांतून त्या प्रती दुरूनच पुसून टाकल्या. जुन्या नोंदी नष्ट करणाऱ्या राज्यसत्तेची कथा सांगणारीच कादंबरी अशी नाहीशी व्हावी, हा योगायोग जगभर चर्चिला गेला. शाळेच्या अभ्यासासाठी टिपणे काढत असलेल्या एका विद्यार्थ्याची टिपणेही पुस्तकाबरोबर निरुपयोगी झाली. त्याने दावा लावला. बेझोस यांनी जाहीर माफी मागितली आणि दावा तडजोडीने मिटला.

इथे माफीपेक्षा महत्त्वाचा एक प्रश्न आहे, आणि तो शंभर वर्षे जुना आहे. १९०० च्या दशकात अमेरिकेतील एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीत सूचना छापली होती, की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणे हा हक्कभंग समजला जाईल. मेसीज या मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. पुस्तकाची प्रत एकदा विकली, की त्या प्रतीचे पुढे काय करायचे हे विकत घेणारा ठरवील, असे तत्त्व त्यातून रूढ झाले. जुनी पुस्तके विकणारे, वर्गात पुस्तके फिरवणारे शिक्षक, वाचनालये असे सारे याच समजावर चालतात.

ई-पुस्तक 'विकत घेतले' असे आपण म्हणतो, पण करारपत्रानुसार ते वाचण्याचा परवानाच आपण घेतलेला असतो. त्यावर सांकेतिक लिपीचे कुलूप असते आणि किल्ली विक्रेत्याच्या यंत्रातच बसवलेली असते. म्हणून शंभर ई-पुस्तके जमवलेला वाचक दुसऱ्या दुकानात जायला निघाला, की त्याचे कपाट मागेच राहते. ही नव्या प्रकारची उधारीची वही म्हणायला हवी. फरक इतकाच, की इथे पैसे आधीच दिलेले असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सोयही बंद केली. उलट दिशेचे एक पाऊल कॅलिफोर्निया राज्याने टाकले. तेथे १ जानेवारी २०२५ पासून असा माल विकताना, हा परवाना आहे, मालकी नव्हे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते.

कोठारातली माणसे

वस्तू दारात एका दिवसात येते, तेव्हा कोठारात कुणीतरी त्या वेगाने चालत असते. सप्टेंबर २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका स्थानिक वृत्तपत्राने तेथील ॲमेझॉनच्या कोठारातील उन्हाळ्याचे वर्णन छापले. आतले तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सियसच्या, वर गेले होते, आणि भोवळ येऊन पडणाऱ्या कामगारांसाठी बाहेर रुग्णवाहिका उभ्या ठेवलेल्या होत्या. त्यानंतर कंपनीने कोठारांत वातानुकूलन यंत्रणा बसवली. जर्मनीत २०१३ पासून कामगार संघटनेने वेळोवेळी संप केले. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील कोठारात १ एप्रिल २०२२ रोजी झालेल्या मतमोजणीत संघटनेच्या बाजूने २६५४ आणि विरुद्ध २१३१ मते पडली. अमेरिकेतील ॲमेझॉनच्या कोठारात संघटनेला मिळालेला हा पहिला विजय होता.

पर्यायच विकला गेला तर?

मोठ्या दुकानाला कंटाळलेला वाचक साहजिकच छोट्या दुकानांकडे वळतो. जुनी व दुर्मीळ पुस्तके विकणाऱ्या हजारो छोट्या विक्रेत्यांना एकत्र आणणारे 'एबबुक्स' हे असेच एक ठिकाण होते. ते २००८ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतले. ब्रिटनमधील 'बुक डिपॉझिटरी' जगभर टपालखर्चाशिवाय पुस्तके पाठवी. भारतातही तिचे ग्राहक होते. तीही २०११ मध्ये ॲमेझॉनकडे गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये बंद करण्यात आली. वाचक पुस्तकांवर आपली मते लिहीत त्या 'गुडरीड्स'चेही २०१३ मध्ये तेच झाले. अनेक ग्राहक पर्याय समजून ज्या दारातून आत जात होते, त्यामागे मालक तोच होता.

याला अपवाद ठरावी अशी एक घटना नोव्हेंबर २०१८ मध्ये घडली. एबबुक्सने दक्षिण कोरिया, हंगेरी, चेक प्रजासत्ताक आणि रशिया येथील विक्रेत्यांना आपल्या यादीतून वगळायचे ठरवले. तेव्हा २७ देशांतील सुमारे ६०० विक्रेत्यांनी त्या विक्रेत्यांच्या पाठिंब्यासाठी आपली लाखो पुस्तके यादीतून एकाच वेळी काढून घेतली. अवघ्या काही दिवसांत कंपनीने माघार घेतली. एकट्या हंगेरियन विक्रेत्याच्या तक्रारीला कुणी विचारले नसते. ६०० जणांनी एकदम पाठ फिरवल्यावर मात्र यादीलाच भोक पडले.

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'बुकशॉप डॉट ऑर्ग' या दुकानाची घडण पाहिली, तर असे अनुभव ध्यानात घेतलेले दिसतात. त्याचे संस्थापक अँडी हंटर. इथे ग्राहक एखाद्या छोट्या दुकानाचे नाव निवडून पुस्तक घेतो आणि छापील किमतीच्या ३० टक्के रक्कम त्या दुकानाला मिळते. दुकान न निवडता, दुसऱ्या दुव्यावरून आलेल्या विक्रीतील १० टक्के एका सामाईक निधीत जातात आणि तो निधी स्वतंत्र दुकानांत वाटला जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे दुकान ॲमेझॉनसारख्या मोठ्या विक्रेत्याला कधी विकता येणार नाही, असे त्याच्या नियमांतच लिहिलेले आहे. पुढे दोनच महिन्यांत कोविडच्या साथीने दुकाने बंद झाली आणि अनेक छोट्या विक्रेत्यांना याचा आधार मिळाला. जानेवारी २०२५ पासून तेथे ई-पुस्तकेही मिळू लागली.

या पर्यायालाही मर्यादा आहेत. पुस्तके प्रत्यक्ष पाठवण्याचे काम 'इन्ग्रम' ही एकच बडी घाऊक कंपनी करते. भावही बहुधा थोडा जास्त पडतो. तरीही छोटी दुकाने केवळ दयेवर जगली असे नाही. अमेरिकन पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेकडील स्वतंत्र दुकानांची संख्या २००९ साली १६५१ पर्यंत घसरली होती. २०१८ मध्ये ती २४७० झाली. हार्वर्ड विद्यापीठाचे रायन राफेली यांनी यामागील कारणे अभ्यासली. त्यांच्या मते या दुकानांनी आपल्या परिसराशी नाते जोडले, निवड करून पुस्तके मांडली, आणि लेखक-वाचकांना एकत्र येण्याची जागा दिली. यादी कितीही लांब असली, तरी ही कामे तिला एकटीला साधत नाहीत.

न दिसणारे दुकान

आता या प्रश्नाची अधिक अवघड बाजू. २००६ पासून ॲमेझॉन आपले संगणक व साठवणूक इतर कंपन्यांना भाड्याने देऊ लागली. आपण ज्या संकेतस्थळावर जातो त्याचा मालक निराळा असला, तरी त्याची माहिती बहुधा अशाच भाड्याच्या संगणकावर असते. २०१९ साली काश्मीर हिल या अमेरिकन पत्रकार महिलेने ॲमेझॉनच्या मालकीच्या २ कोटी ३० लाखांहून अधिक इंटरनेट-पत्त्यांशी आपल्या उपकरणांचा संपर्क तोडून राहण्याचा प्रयोग केला. नेटफ्लिक्ससारख्या सेवा तर थांबल्याच; शिवाय ईबे या दुसऱ्या दुकानातून मागवलेली वस्तू ॲमेझॉनच्या वेष्टनात घरी आली, कारण तेथील विक्रेता ॲमेझॉनचेच कोठार वापरत होता.

दुकान सोडले तरी रस्ता, तराजू आणि गोदाम त्याचेच, अशी ही अवस्था आहे. एकट्याच्या निग्रहाने ती बदलणार नाही. तिथे कायदा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १७ राज्यांसह ॲमेझॉनवर मक्तेदारीचा दावा लावला, त्यामागे हेच भान आहे.

आपल्याकडे

भारतात ॲमेझॉनचे दुकान जून २०१३ मध्ये उघडले. पण दुकानाला पर्याय उभा करण्याचा आपला अनुभव त्याहून जुना आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट केले. गटातील घरांच्या महिन्याच्या याद्या एकत्र करायच्या, माल घाऊक घ्यायचा, पारखून घ्यायचा आणि वाटपाचे काम सभासदांनीच करायचे, ही तिची रीत. रॉचडेलच्या विणकरांना ती लगेच ओळखू आली असती. यात सोय थोडी कमी आहे. वाण्याच्या दुकानात हवे तेव्हा जाता येते. इथे यादी आधी द्यावी लागते. ती गैरसोय सर्वांनी वाटून घेतली म्हणून ती पेलवली.

दुसरा प्रयत्न तंत्रज्ञानाच्या अंगाने झाला. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने 'ओएनडीसी' ही ना-नफा कंपनी स्थापन झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू, भोपाळ, शिलाँग व कोइम्बतूर येथे तिची चाचणी सुरू झाली. हे दुकान नव्हे. हा दुकानांनी एकमेकांशी बोलायचा सामाईक नियम आहे. ईमेलचे उदाहरण घ्या. आपले खाते एका कंपनीकडे आणि मित्राचे दुसरीकडे असले, तरी पत्र पोहोचते, कारण पत्राचा नमुना सर्वांनी मान्य केलेला आहे. तसेच ग्राहक एका ॲपवर आणि दुकानदार दुसऱ्या ॲपवर असला तरी व्यवहार व्हावा, ही यातली कल्पना. ती यशस्वी झाली, तर दुकान बदलताना कपाट मागे ठेवावे लागणार नाही. मात्र नियम खुला असला म्हणून वजन पुरे मिळेलच असे नाही; भेसळ आणि दांडी मारणे यांवर लक्ष ठेवणारे कुणीतरी तिथेही लागेल.

वर्गात मांडायचा प्रश्न

'चांगले दुकान' असे नाव लावल्याने कोणतेही दुकान नैतिक ठरत नाही. वरील इतिहासातून निघणारे चार प्रश्न आम्ही शिक्षकांपुढे ठेवतो. विद्यार्थ्यांनी ते आपल्या ओळखीच्या कोणत्याही दुकानाला लावून पाहावेत, मग ते नाक्यावरचे असो की फोनमधले.

एक, इथला भाव कमी असेल तर तो नेमका कशामुळे कमी आहे? दोन, माल पारखण्याची आणि वजन तपासण्याची सोय ग्राहकाला आहे का? तीन, उद्या हे दुकान सोडायचे ठरवले, तर आपण घेतलेले आपल्याबरोबर नेता येईल का? चार, हे दुकान उद्या कुणी विकत घ्यायला आला, तर 'नाही' म्हणण्याचा अधिकार कुणाकडे आहे?

शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तके मागवताना हे प्रश्न फार जवळचे होतात. तीच रक्कम गावातल्या पुस्तकविक्रेत्याकडे गेली, तर थोडी कमी पुस्तके येतील, पण तो पुढच्या वर्षीही गावात असेल. दूरच्या दुकानात गेली, तर चार पुस्तके जास्त येतील. दोन्ही बाजूंना वजन आहे. शाळांनी एकेकट्याने ठरवले तर बहुतेक वेळा चार पुस्तकेच जिंकतील, आणि त्यात कुणाचा दोष म्हणता येणार नाही. पण तालुक्यातील दहा शाळांनी आपल्या याद्या एकत्र केल्या, तर गावचा विक्रेताही सवलत देऊ शकेल. रॉचडेलला विणकरांनी पिठासाठी जे केले, तेच इथे पुस्तकांसाठी करायचे आहे. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. दहा मुख्याध्यापकांनी एका टेबलाभोवती बसून एक यादी तयार करणे एवढेच लागते.